शब्दचिठ्ठी (कोकणातील बोलीकोशासाठी)

बोलीतला एक शब्द, तो ज्या वाक्यात कानावर पडला ते वाक्य आणि ऐकल्याचे गाव-वाडी एवढे ज्यावर उतरते, तो कागदाचा तुकडा म्हणजे शब्दचिठ्ठी. छापील कोशात तिचा मागमूस राहत नाही, पण कोशाचा कस तिच्यावरच ठरतो. अर्थ संपादकाला मागाहून लावता येतो. न टिपलेले वाक्य पुन्हा मिळत नाही.

पद्धत जुनी आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये सामान्य वाचकांकडून अवतरणे मागवली. पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. सर्वांत चिकाटीने चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांपैकी डब्ल्यू. सी. मायनर हे अमेरिकी सैन्यातले माजी शल्यवैद्य होते. खुनाच्या प्रकरणानंतर ते ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त होते. दुसरे, फिट्झएडवर्ड हॉल, एकेकाळी बनारसला संस्कृत शिकवत. मराठीतही कोशकार अनपेक्षित ठिकाणाहून आले. मोल्सवर्थ आणि कँडी बंधू लष्करी अधिकारी होते. शास्त्र्यांच्या साह्याने केलेला त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि मोल्सवर्थची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) शब्दांपुढे (राजा.), (कु.), (गो.) अशा खुणा घालून राजापुरी, कुडाळी, गोमंतकी शब्द वेगळे दाखवले. कंसातल्या या एक-दोन अक्षरांमागे कुणीतरी त्या मुलखात जाऊन कान दिलेला असतो.

चिठ्ठी ए-फोर कागदाच्या चौथ्या भागाएवढी असावी. एका चिठ्ठीवर एकच शब्द, एकच अर्थ. वर डावीकडे शब्द, जसा ऐकला तसा; आगरी-कोळी बोलीत ‘पानी’ ऐकले तर ‘पानी’च लिहायचे, सुधारायचे नाही. च, ज, झ यांचे दोन उच्चार लिपीत सारखेच दिसतात, म्हणून दंततालव्य (‘चमचा’तल्या ‘च’सारखा) असेल तर अक्षराखाली टिंब द्यावे. मग पूर्ण वाक्य. लिंग वाक्यावरूनच कळते: मालवणीत ‘ता चेडू’ म्हणतात, म्हणजे मुलगी असूनही शब्द नपुंसकलिंगी. शेवटी गाव, वाडी, सांगणाऱ्याचा धंदा, अंदाजे वय आणि तारीख. नुसते ‘कोकण’ लिहिलेली चिठ्ठी जवळजवळ निरुपयोगी. अलिबागकडे आगर म्हणजे मिठागर, गुहागरकडे नारळी-पोफळीची बाग. गाव नसेल तर दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात.

शब्द कुणाकडून घ्यावेत? शिकलेल्यांकडून कमीच. डोलीच्या जाळ्याचे, शिडाच्या दोरांचे शब्द तांडेल-खलाशांकडे; मिठाच्या वाफ्यांचे आगऱ्यांकडे; माडाचे भंडाऱ्यांकडे; बाळंतपणाचे सुईणीकडे. यांतले कित्येक जण स्वतः लिहीत नाहीत, तेव्हा लिहिणारा वेगळा लागतो आणि त्याने आपले शहाणपण मधे घालू नये. सर्वांत दुर्लक्षित साहाय्यक म्हणजे सासुरवाशीण. खाडीपलीकडून आलेल्या बाईला दोन्ही गावांचे शब्द कानाने वेगळे कळतात, कारण नव्या घरात तिला त्यांवरून हसलेले असते. धोकाही इथेच आहे: तिचा माहेरचा शब्द सासरच्या गावावर चढतो. म्हणून अशा चिठ्ठीवर माहेर लिहिलेच पाहिजे. शिमग्या-गणपतीला आलेल्या चाकरमान्याला टाळायचे कारण नाही. गावात मागे पडलेले शब्द त्याच्याकडे सापडू शकतात. फक्त गाव कधी सोडले ते नोंदवावे.

‘याला काय म्हणतात?’ असे विचारले की समोरचा शाळेतला शब्द देतो. त्यापेक्षा काम सांगायला लावावे: रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) कशी ओढता, दाढ (भाताचे रोप करायची जागा) कशी भाजता, गडगा (दगडी कुंपण) कसा रचता. शब्द आपोआप येतात. रापण ओढताना मात्र विचारू नये, उत्तर मिळत नाही आणि मिळाले तर शिवीच असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, जाळी दुरुस्त होत असतात, माणूस बसल्याजागी बोलतो. तो काळ उत्तम. वर्ज्य शब्दांचे भान ठेवावे. रात्री साप म्हणायचे टाळून ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात. अशा चिठ्ठीवर कारण न लिहिल्यास संपादक ‘जनावर’चा हा अर्थ चूक समजून काढून टाकतो.

माशांच्या नावांत घोळ फार. सुरमईला मालवणकडे इसवण म्हणतात, चिंबोरी तिकडे कुर्ली होते. मासा समोर ठेवून किंवा चित्र दाखवूनच नोंद करावी, ऐकीव पर्यायावर विसंबू नये.

पावसाळी हवेत शाई पसरते, टाचण्या गंजून कागद खातात. पेन्सिल आणि सुती दोरा वापरावा, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात वेखंडाचे तुकडे घालून चिठ्ठ्या ठेवाव्यात, मिरगाआधी उन्हात नव्हे तर सावलीत वारा द्यावा. नाहीतर कसर लागते.

संगणकावर चढवताना क्रम बिघडतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवायचे की ‘क’, ‘ज’खाली, आणि अनुस्वार आधी की नंतर, हे पहिली चिठ्ठी चढवण्यापूर्वी ठरवावे. गाव आणि धंदा यांचे रकाने स्वतंत्र असावेत. मूळ चिठ्ठी फेकू नये. खाडाखोड, टिंब आणि समासातली शंका टंकलेखनात हमखास गळते.