पाझर तलावाचे पाणी नेमके कोणत्या विहिरीत गेले?

माण तालुक्यातील एका गावी गेल्या उन्हाळ्यात दोन विहिरींवरून बोलणे निघाले होते. दोन्ही विहिरी पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एकीवर वैशाखातही दोन तास मोटर चालत होती आणि दुसरी माघातच तळाला गेली होती. गावाने वर्गणी काढून तलावातील गाळ उपसलेला असल्यामुळे तलावाचे पाणी पहिलीलाच का मिळावे, असा दुसरीच्या मालकाचा प्रश्न होता. पहिलीच्या मालकाचे म्हणणे असे की, त्याचे पाणी तलावाचे नसून वरच्या डोंगराकडून येणाऱ्या जुन्या झऱ्याचे आहे. तळहातावर नारळ ठेवून शिवारभर फिरलेल्या पाणाड्याने तिसरेच काहीतरी सांगितले होते. मी तेथे म्हणालो की हा वाद अणुविज्ञानाच्या पद्धतीने बऱ्याच अंशी निकालात काढता येतो, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी काळजीने विचारले, "म्हणजे विहिरीत काही सोडणार का?"

विहिरीत काही सोडावे लागत नाही. निसर्गाने पाण्यात आधीच जी खूण घालून ठेवलेली असते, ती फक्त वाचायची असते. अणुविज्ञान म्हटले की आपल्याकडे बॉम्ब, जैतापूर किंवा तारापूर एवढेच डोळ्यांसमोर येते, म्हणून ही खूण कशी तयार होते ते सविस्तर सांगण्याची मला फार इच्छा आहे. ती वाचण्याची सोय एखाद्या देशात उभी करायची असेल तर आंतरराष्ट्रीय सहकार्याचे नियोजन कसे करावे लागते, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, हे आपण शाळेत शिकलो. पण सगळे ऑक्सिजन अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेकांचे अणुवस्तुमान १६ असते, तर सुमारे ५०० अणूंमागे एकाचे १८ असते. हायड्रोजनमध्येही सुमारे ६,४०० अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो आणि त्याला ड्युटेरियम म्हणतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. हे जड समस्थानिक स्थिर आहेत. त्यांतून कोणताही किरणोत्सर्ग होत नाही आणि आपण रोज पितो त्या प्रत्येक तांब्यात ते असतातच.

पाण्याची वाफ होताना हलके रेणू थोडे अधिक सहजपणे सुटतात आणि जड रेणू मागे रेंगाळतात. उलट, ढगातून थेंब बनताना जड रेणू आधी खाली येतात. अरबी समुद्रावरून आलेला ढग सह्याद्री चढू लागला की घाटात कोसळणाऱ्या पावसाबरोबर जड रेणूंचा मोठा वाटा निघून जातो आणि उरलेली वाफ हलकी होत जाते. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास येतो. या प्रवासात पावसाचे प्रमाण बदलते, तशी त्याची समस्थानिकांची घडणही बदलते. आपल्या पूर्वेकडील तालुक्यांत परतीच्या पावसाचा वाटा मोठा असतो आणि त्यात बंगालच्या उपसागरावरून आलेल्या बाष्पाचाही भाग असतो, म्हणून येथील पावसाची खूण येथेच मोजावी लागते, पुस्तकातून उचलून चालत नाही.

या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट १९६१ मध्ये हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने दाखवली. जगभरातील पावसाच्या आणि नद्यांच्या पाण्याचे नमुने घेऊन त्याने आलेखाच्या आडव्या अक्षावर ऑक्सिजन-१८ आणि उभ्या अक्षावर ड्युटेरियम मांडले. समुद्राच्या पाण्याशी तुलना करून दर हजारी किती फरक पडतो, असे ते मोजमाप असते. बहुतेक सगळे बिंदू एका सरळ रेषेवर आले आणि त्या रेषेचा चढ ८ निघाला. पाऊस ध्रुवाजवळचा असो की विषुववृत्ताजवळचा, ऑक्सिजनमध्ये एक पाऊल सरकला की तो ड्युटेरियममध्ये आठ पावले सरकतो.

आठच का? साधारण २५ अंश सेल्सिअसला पाणी आणि त्याची वाफ बंद भांड्यात शांतपणे समतोलात असतील, तर पाण्यात वाफेपेक्षा ड्युटेरियम दर हजारी सुमारे ७९ ने अधिक असते आणि ऑक्सिजन-१८ सुमारे ९.४ ने अधिक असतो. हायड्रोजनचे वजन दुप्पट होते, ऑक्सिजनचे केवळ आठव्या हिश्शाने वाढते, त्यामुळे पाण्यातील बंधांवर ड्युटेरियमचा परिणाम कितीतरी मोठा होतो. ७९ ला ९.४ ने भागले की उत्तर ८ च्या जरासे वर येते, आणि पाऊस ढगात याच समतोलाच्या जवळ राहून तयार होतो.

आता उघड्या पाझर तलावाकडे या. कोरड्या वाऱ्यात तलावाचे पाणी उडते तेव्हा समतोल राहत नाही. पृष्ठभागावरून सुटलेल्या रेणूला वर असलेल्या हवेच्या पातळ थरातून धक्के खात बाहेर पडावे लागते, त्याला विसरण म्हणतात. या धक्काबुक्कीत बंधांचा संबंध नसतो, संपूर्ण रेणूचे वजन आणि आकार महत्त्वाचा असतो. साध्या रेणूचे वजन १८, ड्युटेरियमवाल्याचे १९ आणि जड ऑक्सिजनवाल्याचे २०, म्हणजे दोन्ही जड रेणू थोडेफार सारखेच मागे पडतात. समजा या वाटेत दोघांनाही दर हजारी ६ ने अधिकचा अडथळा झाला, तर ड्युटेरियमचा फरक ७९ चा ८५ होतो आणि ऑक्सिजनचा ९.४ चा १५.४ होतो. ८५ ला १५.४ ने भागा, उत्तर साडेपाच येते. मोठ्या आकड्यात ६ मिसळले तर फारसे जाणवत नाही, लहान आकड्यात मिसळले तर गुणोत्तरच बदलून जाते. म्हणून उन्हात आटत गेलेल्या पाण्याचे बिंदू पावसाच्या रेषेवर राहत नाहीत. ते ४ ते ६ एवढ्या कमी चढाच्या रेषेवरून उजवीकडे सरकत जातात. भाद्रपदात भरलेला तलाव माघापर्यंत जितका आटेल, तितके त्याच्या उरलेल्या पाण्याचे बिंदू पावसाच्या रेषेपासून लांब जातात.

त्या दोन विहिरींचे उत्तर येथे मिळू शकते. पावसाचे पाणी मुरुमातून लगेच खाली मुरले असेल तर ते उन्हात थांबलेलेच नसते आणि त्याचा बिंदू पावसाच्या रेषेवर राहतो. विहिरीचा बिंदू तलावाच्या रेषेकडे झुकलेला असेल तर त्या विहिरीत तलावाचे पाणी उतरले आहे. किती उतरले, हे त्रैराशिकाने काढता येते. केवळ उदाहरणादाखल असे माना की, ऑक्सिजन-१८ चा आकडा पावसाने मुरलेल्या पाण्यात उणे ४, तलावात उणे १ आणि विहिरीत उणे २ आहे. मग विहिरीतील दोन तृतीयांश पाणी तलावाचे ठरते. तिसऱ्या ठिकाणचे पाणी मिसळत असेल तर मात्र हा हिशेब पुरत नाही, आणि टेंभू किंवा म्हैसाळ योजनेचे कृष्णेतून उचललेले पाणी ज्या शिवारात पोहोचले आहे, त्या आटपाडी, कवठेमहांकाळ, जत भागांत कालव्याचाही नमुना वेगळा घ्यावा लागतो.

हे सगळे करण्याची गरज आपल्या खडकामुळे आहे. सातारा-सांगलीच्या खाली बेसाल्टचे थरावर थर आहेत. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. या भेगा कोठून कोठे जोडलेल्या आहेत हे वरून दिसत नाही. हाकेच्या अंतरावरच्या दोन विहिरींचे नशीब वेगळे असते ते यामुळे. पाणाड्याचा नारळ उभा राहतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालींनी, आणि पावसाळ्यानंतर बहुतेक ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच, म्हणून त्याची कीर्ती टिकते. मी हे कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पण कर्ज काढून चौथी कूपनलिका पाडणाऱ्या कुटुंबाची त्यात जी हानी होते, ती मी जवळून पाहिली आहे. त्याचबरोबर, समस्थानिकांनी दुष्काळ हटेल असे कोणी सांगितले तर त्यावरही विश्वास ठेवू नये, कारण या पद्धतीने पाण्याचा एक थेंबही वाढत नाही. पाणी कोठून आले आणि कधी आले, एवढेच ती सांगते.

"कधी" याचे उत्तर ट्रिटियम देते. हायड्रोजनचा हा तिप्पट वजनाचा समस्थानिक मात्र किरणोत्सारी आहे आणि त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. वातावरणात तो नैसर्गिकरीत्या अत्यल्प तयार होतो. त्याच्या मोजमापाचे एकक म्हणजे १ वर अठरा शून्ये इतक्या हायड्रोजन अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू. १९५० च्या दशकापासून झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी तो एकदम वाढला, १९६३ मध्ये पावसात कळसाला पोहोचला आणि त्याच वर्षी झालेल्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर उतरत गेला. खोल कूपनलिकेच्या पाण्यात ट्रिटियम जवळजवळ नसेल, तर ते पाणी त्या चाचण्यांपूर्वी जमिनीत शिरलेले आहे आणि आपण पुन्हा लवकर न भरणारी ठेव उपसत आहोत, हे समजते.

ही विद्या एका देशाच्या हद्दीत वाढूच शकत नव्हती, कारण ढगांना सीमा नसतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झाली आणि तिने जागतिक हवामान संघटनेच्या साहाय्याने पावसातील समस्थानिक मोजणारे जागतिक जाळे १९६१ पासून चालवले. मुंबई आणि नवी दिल्ली येथील पावसाचे नमुने त्या दशकातच या जाळ्यात आले. अणूचा शांततेसाठी वापर व्हावा म्हणून १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते, आणि आशिया व पॅसिफिक भागातील देशांचा अणुविज्ञानातील सहकार्याचा जो करार १९७२ मध्ये झाला त्यात भारत आहे. आपला देश या व्यवस्थेतून घेतो आणि तिला देतोही: भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉन हे कर्करोगावरील उपचाराचे यंत्र व्हिएतनामला दिले गेले आहे.

या सहकार्याच्या नियोजनाची पद्धत मला विज्ञानाइतकीच महत्त्वाची वाटते. प्रत्येक सदस्य देश आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मिळून साधारण पाच वर्षांसाठी एक आराखडा ठरवतात. शेती, आरोग्य, पाणी यांपैकी देशाच्या स्वतःच्या विकास योजनेत कोणती गरज आधी आहे, आणि त्या गरजेसाठी अणुविज्ञानाची पद्धत इतर पद्धतींपेक्षा खरोखर उजवी आहे का, हे दोन प्रश्न त्यात आधी विचारले जातात. त्यानंतर प्रकल्प ठरतात, ज्यांचे चक्र दोन वर्षांचे असते. मिळणारी मदत तज्ज्ञांच्या भेटी, तरुण शास्त्रज्ञांना परदेशी प्रयोगशाळांत शिकण्यासाठी पाठ्यवृत्ती, प्रशिक्षण आणि उपकरणे अशा रूपांत येते. पैसा सदस्य देशांच्या ऐच्छिक वर्गणीतून उभा राहतो आणि मदत घेणाऱ्या देशाला राष्ट्रीय प्रकल्पाच्या रकमेचा ५ टक्के वाटा स्वतः भरावा लागतो. हा वाटा लहान असला तरी योग्य आहे, कारण जो देश काहीच भरत नाही त्याचा अर्थविभाग त्या प्रकल्पाकडे पुढे लक्षही देत नाही.

नियोजन चुकते ते बहुधा यंत्रापासून सुरुवात केल्यामुळे. समस्थानिक मोजणारे लेसरवर चालणारे उपकरण आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि सोपे झाले आहे, म्हणून ते आधी मागवावेसे वाटते. पण आमच्या माण तालुक्याचा प्रश्न घ्या: येथे किमान दोन पावसाळे दर महिन्याला पाऊस, तलाव आणि विहिरी यांचे नमुने घेणारा माणूस हवा, भूजलाच्या पातळीच्या नोंदी हव्यात, खडकाचा नकाशा जाणणारा भूवैज्ञानिक हवा, आणि निष्कर्ष आल्यावर पुढचा बंधारा कोठे बांधायचा हे ठरवणारा अधिकारी पहिल्या दिवसापासून सोबत हवा. या चार गोष्टी नसतील तर यंत्र केवळ आकडे देत राहते. प्रकल्पांचे चक्र दोन वर्षांचे आणि पावसाची लहर दहा वर्षांची, हीसुद्धा मोठी अडचण आहे, म्हणून परदेशी मदत संपल्यानंतर नमुने कोण घेणार, याचे उत्तर अर्जातच लिहिलेले असावे.

असे काम आपल्याच देशात झालेले आहे. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात गौचर परिसरातील झरे आटत चालले होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी झऱ्यांतील समस्थानिकांवरून त्यांचे पाणी डोंगरावर साधारण किती उंचीवर मुरते ते काढले, कारण उंची वाढते तसा पाऊस हलका होत जातो. नंतर नेमके त्या उंचीवर चर आणि लहान बंधारे घातले गेले आणि झऱ्यांचा प्रवाह वाढला. मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर चाड, इजिप्त, लिबिया आणि सुदान या चार देशांखाली पसरलेल्या न्यूबियन वालुकाश्मातील पाणी अतिप्राचीन आहे, हे समस्थानिकांनीच दाखवले, आणि त्या सामायिक साठ्याच्या वापराचा कृती आराखडा या देशांनी २०१३ मध्ये मान्य केला.

त्या गावातील दोन्ही मालकांना मी एवढेच करून ठेवण्यास सांगितले आहे. दिवाळीनंतर, तलाव भरलेला असताना एकदा, आणि वैशाखात पुन्हा एकदा तलावाचे व दोन्ही विहिरींचे पाणी घ्यावे. मोटर काही वेळ चालवून, नळीतील साचलेले पाणी निघून गेल्यावर, लहान जाड बाटली काठोकाठ भरावी. वर हवा राहिली तर बाटलीतच बाष्पीभवन होऊन खूण बदलते. बूच घट्ट लावावे, वर चिकटपट्टी गुंडाळावी, आणि तारीख, विहिरीची खोली व त्या दिवशीची पाण्याची पातळी चिठ्ठीवर लिहून बाटल्या सावलीत ठेवाव्यात. पहिल्या तीन बाटल्या कार्तिकात भरल्या गेल्या आणि त्या आता घराच्या माजघरात, धान्याच्या कणगीमागे ठेवलेल्या आहेत.