आधी मनात, मग हातात: डीसीडी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

चौथीत गेलं तरी बुटाची लेस आईच बांधते, डबा उघडताना भाजी सांडते, चेंडू हातातून निसटतो. घरचे म्हणतात धांदरट, बाई म्हणतात लक्ष नाही. शाळकरी मुलांपैकी साधारण 5 ते 6 टक्के मुलांना डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर), म्हणजे हालचालींचा मेळ बसवण्याची अडचण असते. तो आळस नव्हे. कृपया त्यावरून मुलाला बोलू नका.

हात हलण्याआधी मेंदू त्या हालचालीचा अंदाज बांधतो. यातल्या बऱ्याच मुलांचा हा अंदाजच चुकतो, असं संशोधनातून दिसतं. छोट्या ठिपक्यावर बोट टेकवायला मोठ्या ठिपक्यापेक्षा जास्त वेळ लागतो. इतर मुलांनी हे नुसतं मनात केलं तरी तो फरक राहतो. डीसीडी असलेल्या बऱ्याच मुलांचा मनातला वेळ असा जुळत नाही. ऑस्ट्रेलियातले संशोधक पीटर विल्सन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 7 ते 12 वर्षांच्या मुलांना मनातल्या तालमीचं प्रशिक्षण दिलं. नेहमीच्या व्यायामांइतकाच त्याचा फायदा झाला.

आमच्याकडे उपचाराला आलेलं मूल आधी लेस बांधणाऱ्या हातांचा व्हिडिओ बघतं. तो मुलाच्या नजरेतून काढलेला असतो, कारण समोरून काढला की डावं-उजवं उलटतं. मग डोळे मिटून तेच मनात करायचं. आम्ही विचारतो, "आता काय होतंय?" "लेस निळी आहे" असं उत्तर आलं, तर मूल अजून फक्त चित्र बघतंय. "बोटाला घट्ट लागतेय" म्हणालं, की हालचाल मनात उतरायला लागली. लगेच खरी लेस हातात देतो. जमलं नाही तर पुन्हा व्हिडिओ, पुन्हा मनात.

नुसत्या कल्पनेवर भागत नाही. प्रत्यक्ष सराव हवाच, आणि तोही मुलाला हव्या असलेल्या कामाचा. लेस जमली म्हणून अक्षर आपोआप सुधारेल, असं आश्वासन आम्ही देत नाही. घरी हीच तालीम थोडा वेळ, मूल ताजंतवानं असताना घ्या. शाळेच्या व्हॅनची वेळ झाली असताना नको.

आधी जमणारी गोष्ट अचानक जमेनाशी झाली असेल, तर आमच्याकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिल्या भेटीला मुलाचे रोजचे, वापरून मऊ झालेले लेसचे बूट आणा. नवे नकोत.