‘अझो-फ्री’ टॉवेल आणि लेझरची परीक्षा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांत ‘अझो-फ्री’, म्हणजे अझो नावाचे रंग न वापरलेला, हा शब्द सूत-कांडीइतकाच रुळलेला आहे. रंगकामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मनीत १८९५ मध्येच नोंदले गेले होते. टॉवेल निर्यात करणाऱ्यांना त्याची झळ लागली ती अझो रंगांबाबतच्या १९९४ च्या जर्मन बंदीनंतर. १९९७ मध्ये भारतानेही बंदी आणली. २००२ मध्ये युरोपने वर्ज्य यादी २२ अमाइनांची, म्हणजे रंग तुटल्यावर सुटणाऱ्या घातक संयुगांची, केली आणि मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम ठेवली.

इथेच शब्दाने घोळ घातला. बंदी सगळ्या अझो रंगांवर कधीच नव्हती. ज्या रंगाचा अझो बंध, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंमधला जोड, तुटून यादीतले अमाइन सुटते, तोच रंग वर्ज्य. सुतावर चढणारे कितीतरी रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक जोड करणारे) रंग अझोच आहेत आणि ते चालतात. ‘अझो-फ्री’ शब्दशः घेतले तर निर्दोष रंगही बाद होतो, म्हणून हा शब्द मला रंगाऱ्यावर अन्याय करणारा वाटतो. विचारायला हवे ते एवढेच : अमाइन कोणते?

लेझरच्या प्रकाशाने रेणूतला इलेक्ट्रॉन काढून त्याचे वस्तुमान मोजायचे, ही लेझर आयनीकरण मास स्पेक्ट्रोमेट्री; तिचे बळ नेमके या प्रश्नात आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ती आकाराला आली. २६६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा सुमारे ४.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दोघांची मिळून ९.३. ॲनिलीन या साध्या अमाइनचा इलेक्ट्रॉन काढायला ७.७ पुरतात, पाण्याला १२.६ लागतात, नायट्रोजनला १५.६. त्यामुळे हवा आणि ओल गप्प राहतात, अमाइन तेवढे बोलते. टोल्युइडीन या अमाइनची ऑर्थो आणि पॅरा अशी दोन रूपे आहेत, फरक फक्त अणूंच्या जागेचा. ऑर्थो-टोल्युइडीन यादीत आहे, पॅरा नाही, आणि दोघांचे वस्तुमान १०७ च. नुसत्या वस्तुमानावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. लेझरची तरंगलांबी हवी तशी बदलता आली, तर मात्र येतात, कारण दोघे वेगवेगळ्या तरंगलांबीला प्रकाश शोषतात.

१९९० च्या दशकात हे तंत्र कचराभट्टीच्या धुरापर्यंत पोहोचले. पुढे ११८ नॅनोमीटरच्या एकाच फोटॉनने आयनीकरण करण्याची पद्धत रुजली. तिने जास्त संयुगे दिसतात, पण ऑर्थो-पॅरा हा भेद हरवतो. कापडाची प्रमाणित चाचणी आजही क्रोमॅटोग्राफीचीच, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची, आहे. सोडियम डायथायोनाइट या रसायनाने ७० अंश सेल्सियसला बंध तोडायचे आणि सुटलेली अमाइने मोजायची. यादीतले ४-अमिनोॲझोबेन्झीन या क्रियेत स्वतःच तुटते आणि उरते ती यादीबाहेरची अमाइने. त्यासाठी निराळी चाचणी लावावी लागते.