प्लवकांचे स्वयंचलित छायाचित्रण

समुद्रात प्रवाहाबरोबर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती व प्राण्यांची, म्हणजे प्लवकांची, पाण्याखालील उपकरणांनी आपोआप छायाचित्रे टिपून ओळख व मोजणी करण्याची पद्धत. तारली आणि बांगडा प्लवकांवरच जगतात. कोळ्यांच्या जाळ्यात येणारा जवळाही प्राणिप्लवकांतच मोडतो.

जुनी रीत म्हणजे बोटीमागे बारीक जाळी ओढायची, नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव मोजायचा. यात जेलीसारखे नाजूक जीव फाटून जातात आणि ट्रायकोडेस्मियम या नीलहरित सूक्ष्मजीवाच्या जुड्या विस्कटतात. कोकणात मात्र खरी अडचण पावसाळ्याची आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलातले थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पण ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर सरकते. दक्षिणेकडे हा परिणाम अधिक ठळक असतो. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात पावसाळा सरता सरता तळाजवळचा ऑक्सिजन फारच घटतो. याच दिवसांत सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या गाळ आणून ओततात. प्लवकांच्या दृष्टीने वर्षातला हा सर्वांत घडामोडींचा काळ, आणि नेमकी तेव्हाच लहान बोट समुद्रात घालणे धोक्याचे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदीही असते. उपग्रह पाण्याचा हिरवेपणा दाखवतो, जात सांगत नाही. ढगांखाली तर त्याला काहीच दिसत नाही. नांगरून ठेवलेले किंवा धक्क्याला बसवलेले उपकरण ही पोकळी भरू शकते, आणि कोकणापुरता हाच त्याचा मोठा उपयोग मानावा.

या उपकरणांपैकी इमेजिंग फ्लोसायटोबॉट विशेष प्रसिद्ध आहे. ते अमेरिकेतील वुड्स होल येथे रॉबर्ट ओल्सन व हायडी सोसिक यांनी विकसित केले. सुमारे दर 20 मिनिटांनी ते 5 मिलिलिटर पाणी आत ओढते. अरुंद धारेतून जाणारी पेशी लेसरसमोर आली की तिचे हरितद्रव्य चमकते आणि त्या इशाऱ्यावर कॅमेरा चित्र घेतो. साधारण 10 ते 150 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे जीव त्यात नीट दिसतात. 2008 मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर या उपकरणाने डायनोफायसिस या विषारी प्लवकाची वाढ वेळीच दाखवली आणि तेथील कालवे लोकांच्या ताटात जाण्याआधी काढणी थांबवता आली. खाडीकाठी कालवे आणि तिसऱ्या (शिंपले) आवडीने खाणाऱ्या कोकणाला हे उदाहरण जवळचे वाटावे. रात्री लाटा निळसर चमकवणारी नॉक्टिल्यूका मात्र या यंत्राच्या मापात बसत नाही, कारण तिची पेशी बहुधा 200 मायक्रोमीटरहून मोठी असते.

मोठ्या जिवांसाठी फ्रान्समध्ये घडवलेला अंडरवॉटर व्हिजन प्रोफायलर वापरतात. दोरखंडाने खाली सोडताना तो लाल प्रकाशाच्या झोतात पाण्याचा ठरावीक भाग टिपत जातो. त्याची पाचवी आवृत्ती 6000 मीटर खोलीपर्यंत चालते. अंग्रिया बँक या विजयदुर्गासमोरच्या, किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडालेल्या उंचवट्याकडच्या स्वच्छ पाण्यात तो शोभेल. पावसाळ्यातल्या दाभोळ खाडीच्या तोंडाशी त्याला प्लवकांपेक्षा गाळच जास्त दिसेल. उबदार पाण्यात भिंगासमोरच्या काचेवर शेवाळ आणि बार्नॅकल हे चिकटून वाढणारे कवचधारी जीव लवकर चढतात. त्यावर तांब्याची पट्टी, काच पुसणारा वायपर असे उपाय करतात, तरी अधूनमधून माणसाला जाऊन यंत्र साफ करावेच लागते.

चित्रे लाखांनी जमतात, म्हणून वर्गीकरण संगणकावर सोपवले जाते. त्यासाठी आधी तज्ज्ञांनी नावे दिलेल्या चित्रांवर प्रणालीला शिकवावे लागते. वुड्स होलच्या खुल्या संग्रहात अशी 30 लाखांहून अधिक चित्रे आहेत, पण ती अटलांटिकच्या पाण्यातली. त्यांवर शिकलेली प्रणाली रत्नागिरीच्या पाण्यात जशीच्या तशी वापरली तर अनोळखी जातीला ओळखीचे नाव चिकटवून मोकळी होते. स्थानिक चित्रसंग्रह उभारायचा तर प्रत्यक्ष नमुना हातात हवा. शिवाय जवळच्या भासणाऱ्या काही जाती केवळ बाह्याकारावरून वेगळ्या करताच येत नाहीत, तेथे डीएनए तपासणी लागते. म्हणून यंत्र बसवले तरी उघडिपीच्या महिन्यांत जाळी ओढणे चालूच ठेवावे लागते.