संगणक व संवादी माध्यमांचे व्यावसायिक अभ्यासक्रम : सोलापूर

संगणकावरचे एखादे ठरावीक काम विद्यार्थ्याच्या हातात बसवून त्याला थेट रोजगारापर्यंत नेणारे, महाविद्यालयात किंवा तत्सम संस्थेत चालणारे अभ्यासक्रम. ‘संवादी माध्यम’ म्हणजे पुढे काय दिसणार हे पाहणाऱ्याच्या कृतीवर ठरते असे माध्यम : वेबसाइट, मोबाइल अ‍ॅप, व्हिडिओ गेम, संग्रहालयातला बोट लावायचा पडदा. चित्रपट एकदा सुरू झाला की आपल्या वाटेने संपतो. गेममधले पात्र मात्र बटण दाबेपर्यंत जागचे हलत नाही. त्यामुळे या क्षेत्रात चित्रकाराला थोडे प्रोग्रॅमिंग आणि प्रोग्रॅमरला थोडे चित्र यावेच लागते. सोलापुरात संगणकाचे शिक्षण भरपूर आहे, चित्राचे कमी. बाजारात उलटे दिसते : गल्लोगल्ली फ्लेक्स, अल्बम आणि लग्नपत्रिकांची दुकाने, आणि सॉफ्टवेअर कंपन्या मोजक्या. या विषयाची बरीचशी गुंतागुंत याच तफावतीतून येते.

नावांचा घोळ आधी निस्तरावा लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला ‘कोपा’ (संगणक चालक व प्रोग्रॅमिंग साहाय्यक) हा एक वर्षाचा ट्रेड. दहावीनंतरची तंत्रनिकेतनाची पदविका तीन वर्षांची, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. कागदोपत्री ती व्यावसायिक. प्रत्यक्षात बरीच मुले तिच्याकडे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात शिरायचे दार म्हणूनच पाहतात. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत ‘बायफोकल’ म्हणून कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा विषय घेता येतो. २००१ पासूनची एमएस-सीआयटी घराघरात ठाऊक आहे, पण ती संगणक-साक्षरतेची परीक्षा आहे, व्यवसाय नव्हे. साक्षरता आणि व्यवसाय यांची गल्लत झाल्यामुळे ‘कॉम्प्युटर केलाय’ या वाक्याचा अर्थ सोलापुरात आजही विचारूनच घ्यावा लागतो.

पदवीच्या पातळीवर शहरात सर्वांत रुळलेला शब्द ‘ईसीएस’. बी.एस्सी. (एन्टायर कॉम्प्युटर सायन्स) हे त्याचे पूर्ण नाव. साध्या बी.एस्सी.त अनेक विषय घेऊन शेवटी एक मुख्य विषय निवडायचा असतो. इथे पहिल्या वर्षापासून संगणक हाच मुख्य धागा, म्हणून ‘एन्टायर’. सोलापुरातली महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले (२०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) आणि अभ्यासक्रम ठरवणारी मंडळे त्याच्या आवारात, सोलापूरजवळच्या केगावात आली. ईसीएसच्या शेजारी बीसीए (बॅचलर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स) आहे. २०२४-२५ पासून बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेला आणि त्याला राज्याची प्रवेश परीक्षाही लागू झाली. बारावीच्या मार्कलिस्टवर खिडकीतून प्रवेश घेण्याची सवय असलेल्या पालकांना हा बदल पचायला वेळ लागला.

काटेकोर अर्थाने व्यावसायिक पदवी म्हणावी ती बी.व्होक. (बॅचलर ऑफ व्होकेशन). राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला आणि २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यावर बेतून ही पदवी आणली. रचना अशी : वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट), त्यांतले २४ सामान्य शिक्षणाचे आणि ३६ कौशल्याचे. एका श्रेयांकाला वर्गातले १४-१५ तास लागतात. कार्यशाळेत किंवा प्रयोगशाळेत त्याच्या दुप्पट. म्हणजे कौशल्याचा भाग खरोखर हातांनी करायचा ठरवला तर वर्षाला हजारेक तास होतात. एक वर्ष करून थांबले तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी. कौशल्याचे मोजमाप त्या क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या निकषांवर व्हावे अशी अपेक्षा. संगणकासाठी आयटी क्षेत्राची, अ‍ॅनिमेशन-गेमसाठी माध्यम व मनोरंजन क्षेत्राची परिषद वेगळी आहे. ईसीएस आणि बी.व्होक. यांची विषयांची यादी शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसत नाही. फरक त्या ३६ श्रेयांकांत आहे. ते कुठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या खऱ्या कामावर खर्च झाले एवढे विचारले की अभ्यासक्रम व्यावसायिक आहे की नुसता तसा छापलेला, हे कळते.

नक्षी आणि भोके

संवादी माध्यमात चित्र आकड्यांत उतरते, ही कल्पना नवख्या विद्यार्थ्याच्या गळी उतरवणे अवघड जाते. सोलापुरात त्यासाठी लांब जावे लागत नाही. भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, विणली जाते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची. प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याचा (उभा) धागा वर उचलायचा की नाही याचा निर्णय. मग आडव्या ओळीगणिक एक पुठ्ठ्याचे कार्ड : जिथे भोक तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. कार्डे दोऱ्याने ओवून माळ करायची आणि मागावर चढवायची. माळ फिरून पहिल्या कार्डावर आली की नक्षी पुन्हा सुरू होते. यात पिक्सेल (पडद्यावरचा ठिपका) आहे, शून्य-एक आहे आणि लूपही आहे. जोसेफ मारी जॅकार्डने फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवले. पुढे इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी भोकांच्या कार्डांची कल्पना तिथूनच उचलली, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथची यंत्रे भोके पाडलेल्या कार्डांवरच चालली. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये आता पुठ्ठा राहिला नाही, संगणकावर काढलेली नक्षी फाइल होऊन मागाकडे जाते. साखर पेठेत किंवा अशोक चौकात वाढलेल्या मुलाला आजोबांचा ग्राफ आणि फोटोशॉपमधली झूम केलेली जाळी एकच असल्याचे दाखवायला शिक्षकाला दहा मिनिटे पुरावीत. बहुतेक पाठ्यक्रम मात्र बॅबेजपासून सुरू होतात, आणि ज्याच्याकडून त्याने ही गोष्ट घेतली त्याचा माग शेजारच्या गल्लीत खडखडत असतो.

कापड स्थिर असते, गेम नसतो. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) दाखवायच्या तर एका चौकटीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण दाबले का पाहायचे, पात्र सरकवायचे, भिंतीला धडकले का तपासायचे आणि चित्र काढून मोकळे व्हायचे. व्यावसायिक अभ्यासक्रमात शिकवायची मुख्य गोष्ट हीच : घटना, अवस्था आणि त्यांतली साखळी. साधने बदलत राहतात. वेबवरची हलती चित्रे आणि गेम चालवणारे, एकेकाळी या विषयाचा समानार्थी शब्द असलेले फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि केवळ त्याची बटणे पाठ केलेल्यांचे शिक्षण एका रात्रीत जुने झाले. आता ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, गेमसाठी युनिटी, त्रिमितीसाठी ब्लेंडर. ब्लेंडर फुकट असल्याने लहान शहरातल्या प्रयोगशाळेला ते परवडते, फक्त ग्राफिक कार्डाचा खर्च टळत नाही.

दुकानातले शिक्षण

शहरातले बरेचसे कौशल्य महाविद्यालयाबाहेर दिले-घेतले जाते. कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर) एवढ्या भांडवलावर डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करून देणारे, दुकान चालते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत भरते तेव्हा, लग्नसराईत आणि निवडणुकीत रात्र-रात्र काम असते. इथे शिकलेल्या मुलाचा हात कोणत्याही पदवीधरापेक्षा जलद चालतो. अडचण फॉन्टची आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये ‘क’ दिसतो, पण आत रोमन अक्षराचाच संकेत असतो. छापून निघाले की काम झाले. तोच मजकूर वेबसाइटवर टाकला तर कचरा उमटतो, शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या युनिकोड या सामाईक संकेतपद्धतीने देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिला आहे आणि संवादी माध्यमाला तोच लागतो. फ्लेक्सवाला वेबवाला होताना पहिला अडखळतो तो इथेच. अभ्यासक्रमाने पहिल्या महिन्यात शिकवावे असे काही असेल तर हे.

सोलापुराला तर एका लिपीवर भागतही नाही. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पद्मशाली समाजाच्या पत्रिकेत तेलुगू ओळ असते. अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड पाट्या दिसू लागतात. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे नुसते भाषांतर करून भागत नाही, पडद्यावरची सगळी मांडणी आरशात पाहिल्यासारखी फिरवावी लागते. मोठ्या शहरांतल्या कंपन्या ज्याला बहुभाषिक डिझाइन म्हणून स्वतंत्र विषय मानतात, त्याची उदाहरणे इथे मुलांच्या घरात पडलेली असतात. प्रकल्पासाठी मात्र वर्षानुवर्षे ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ आणि ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ हेच निवडले जातात.

वर्गातली भाषा मिश्र आहे. पुस्तक आणि पेपर इंग्रजीत, समजावणे मराठीत : ‘लूप बाहेरच पडेना’, ‘एरर मारतोय’, ‘रन होईना’. ही तक्रार नव्हे, शिकण्याची चांगली पद्धत आहे. तक्रार जर्नलची आहे. चाललेला प्रोग्रॅम वहीत हाताने उतरवून त्यावर सही घ्यायची प्रथा संगणकाच्या विषयातही टिकून राहिली. गेम वहीत कसा लिहावा याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक आणि बिगर-व्यावसायिक ही भिंत काहीशी पाडली. महाराष्ट्रात साध्या पदवीतही व्यावसायिक कौशल्याचे विषय आले, आणि ‘ओजेटी’ म्हणजे कामावरचे प्रशिक्षण ४ श्रेयांकांचे, १२० तासांचे झाले. ते तास सोलापुरात भरायचे कुठे, हा दरवर्षीचा प्रश्न. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या गारमेंट कारखान्यांचे स्टॉकचे सॉफ्टवेअर, चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याचा ऑनलाइन कॅटलॉग, करसल्लागाराचे कार्यालय, अल्बमचे दुकान अशी ठिकाणे निघतात. अ‍ॅनिमेशन किंवा गेम करायचा असेल त्याला मात्र सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून अडीचशे किलोमीटरवरचे पुणे गाठावे लागते, आणि तिथे खोलीचे भाडे विद्यावेतनाच्या वर जाते. म्हणून कित्येक जण ते १२० तास शहरातल्याच एखाद्या दुकानात फ्लेक्स लावून पुरे करतात.