दोराचं चक्रवाढ व्याज

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड परवा पुन्हा उगवला. हल्लीच्या मुलांचं लक्ष म्हणे जेमतेम ८ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. पाठवणारा माझा मित्र एका शाळेत स्काऊट पथक चालवतो. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘म्हणूनच शनिवारी पोरं जांभया देतात!’

हा आकडा २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी काढलेल्या एका अहवालातून जगभर पसरला. त्याचं मूळ खणायला गेलं की हाती एकही धड प्रयोग लागत नाही. बिचाऱ्या गोल्डफिशलाही शिकवलेली गोष्ट आठवडेच्या आठवडे लक्षात राहते. पण जांभया खऱ्या होत्या. मी एका शनिवारी जाऊन त्या पाहिल्या.

ध्वज झाला, प्रार्थना झाली, गणवेश तपासून झाले. मग फळ्याला गाठींचा तक्ता लावला. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच. मित्र मुलांकडे तोंड करून गाठ दाखवत होता, म्हणजे त्याचं डावं मुलांना उजवीकडे. मुलं हातभर दोरीवर गाठ मारत होती, दाखवत होती आणि सोडत होती. जवळपास ४० मिनिटं हेच चाललं. तेवढ्या वेळात एकाही गाठीनं काहीही धरून ठेवलं नाही. ना तंबू, ना बादली, ना माणूस. गाठ कशासाठी असते हेच त्या तासात कुठे नव्हतं. अशा तासाला मीसुद्धा जांभई दिली असती. खरं सांगायचं तर दिलीच.

पुढच्या शनिवारी मित्रानं मला अर्धा तास दिला. मी एक लांब दोर घेऊन गेलो. ध्वजस्तंभाला हात लावायचा नाही, हे मुलांनीच मला बजावलं, म्हणून व्हॉलीबॉलचा लोखंडी खांब निवडला. सहावीतली एक किरकोळ अंगाची गाईड पुढे आली. तिच्या हातात दोराचं एक टोक, मध्ये खांबाला वेढे, दुसऱ्या टोकाला आठ धटिंगण. पहिला प्रयोग सपशेल फसला. दोर नायलॉनचा गुळगुळीत, खांब पावसानं ओला आणि वेढा एकच. पोरगी फूटभर पुढे सरकली आणि सगळे हसले. मग खांब पुसला, शाळेचाच रस्सीखेचीचा सुती दोर घेतला आणि तीन वेढे दिले. आता आठही जण मागे रेलले, बुटांनी माती उकरली, पण दोर हलेना. ती मात्र दोन बोटांत टोक धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं वेणी पुढे घेत होती.

त्यानंतर कुणी जांभई दिली नाही. ‘सर, खांबाला काही लावलंय का?’ हा पहिला प्रश्न होता.

खांबाला काही लावलेलं नव्हतं. बैल हिसडे द्यायला लागला की शेतकरी कासरा खुंट्याला दोनदा फिरवतो आणि निवांत उभा राहतो, किंवा धक्क्याला लागणाऱ्या होडीचा खलाशी दोर खुंटाला गुंडाळून अख्खी होडी एकटा थोपवतो. हे तेच आहे. बहुतेकांना वाटतं की एका वेढ्यानं जेवढं बळ मिळतं त्याच्या तिप्पट तीन वेढ्यांनी मिळत असेल. गंमत इथेच आहे, आणि यापुढे मला थोडी मोकळीक द्या, कारण माझा अत्यंत लाडका हिशोब येतोय.

खांबाभोवतीच्या दोराचा अगदी छोटा तुकडा बघा. एवढा छोटा, की तो खांबावर फक्त १० अंशांनी वळतो. त्याच्या दोन्ही टोकांना ताण आहे, समजा १०० किलो वजनाइतका. दोर सरळ असता तर हे दोन ताण समोरासमोर येऊन फिटले असते. पण तो किंचित वाकलाय, म्हणून दोन्ही ताण थोडे थोडे आतल्या बाजूला कललेत. हा आतला कल तुकड्याला खांबावर दाबतो. त्रिकोणमिती केली तर दाब येतो साधारण साडेसतरा किलो. सुती दोर आणि कोरडं लोखंड यांचं घर्षण या दाबाच्या तीन दशांशांहून थोडं कमी धरू, म्हणजे ५ किलो. याचा अर्थ असा, की एका बाजूला १०० किलोंचा ताण असेल तर दुसऱ्या बाजूची ओढ १०५ किलो होईपर्यंत हा तुकडा घसरणार नाही.

आता शेजारचा तुकडा. त्याच्यावर १००चा नाही, १०५चा ताण आहे. त्यामुळे तो खांबावर जास्त दाबला जातो आणि घर्षणही जास्त मिळतं. ५ टक्केच, पण १०५चे ५ टक्के. पुढच्याला ११० आणि वर काहीतरी. ओळखलंत? हे सावकाराचं चक्रवाढ व्याज आहे. पूर्ण वेढ्यात असे ३६ तुकडे असतात. १.०५चा ३६ वेळा गुणाकार केला की उत्तर येतं ५.८, जवळपास सहापट. दुसऱ्या वेढ्यात त्या सहाचे सहापट, म्हणजे ३६. तिसऱ्यात २१६. आठ मुलं मिळून १२० किलोंची ओढ लावत असतील असं धरलं, तर दोन बोटांवर येतो जेमतेम अर्धा किलो. पुस्तकी भाषेत सांगायचं तर हातातल्या ताणाला २.७१८ या संख्येच्या घातानं गुणायचं, आणि तो घात म्हणजे घर्षणांक (दाबाचा जेवढा हिस्सा घर्षण म्हणून मिळतो तो) गुणिले वेढ्याचा कोन. हे सूत्र लिओनार्ड ऑयलर या अठराव्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जातं.

या सूत्रात खांबाची जाडी कुठेच नाही, याचा मला आजही अचंबा वाटतो. खांब जाड घेतला तर जास्त दोर त्याला टेकतो खरा, पण तेवढ्याच प्रमाणात वळण सैल होतं आणि दर इंचाला पडणारा दाब कमी होतो. दोन्ही फरक एकमेकांना पुरते खाऊन टाकतात. आंब्याचा बुंधा घ्या नाहीतर पाण्याचा नळ, तीन वेढे म्हणजे तीनच वेढे.

हे फळ्यावर मांडलं असतं तर पुन्हा जांभया. म्हणून आम्ही मैदानातल्या आडव्या बारवर पैज लावली. दोराच्या एका टोकाला पाण्याची एक लिटरची बाटली, दुसऱ्या टोकाला बादली. दोर बारवरून नुसता टाकला की अर्धा वेढा होतो. बादलीत मगानं पाणी ओतत गेलो. साधारण सव्वादोन किलोंपर्यंत बाटलीनं तग धरला, मग ती सरसर वर गेली. आता एक जादा फेरा, म्हणजे दीड वेढा. प्रत्येक संघानं आधी आकडा लिहून द्यायचा, मगच पाणी. तीन संघांनी सहा ते आठच्या मधले आकडे लिहिले, तिपटीचा सरळ हिशोब. चौथ्यानं ठोकून दिलं वीस. बादली १२ लिटरनं काठोकाठ भरली. ती लोंबतच राहिली आणि पलीकडे ती एवढीशी बाटली. वीसवाल्यांनी जो धिंगाणा घातला तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला असणार.

आधी अंदाज लिहायला लावणं ही किरकोळ युक्ती वाटेल, पण माझ्या मते पथकाच्या शनिवारच्या सभेचा सगळा रंग तिथेच भरतो. आपला आकडा कागदावर पडला की पुढचा प्रत्येक मग आपला असतो. संघांची व्यवस्था त्यासाठी आयतीच आहे. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा विसेक मुलांचे चार संघ पाडले होते. तेव्हापासून संघ हा स्काउटिंगचा कणा आहे, पण आपल्याकडे बऱ्याच पथकांत तो रांगेत उभं राहण्यापुरताच उरलाय.

वेढ्यांवरून मग गाठींकडे वळणं सोपं गेलं, कारण गाठ म्हणजे दोरानं स्वतःलाच घातलेले वेढे. रीफ नॉट आणि तिची चुकलेली बहीण ग्रॅनी नॉट यांच्यात फरक एका उलटसुलटीचा, पण ग्रॅनी निसटते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ताण बसला की रंग बदलणारे धागे वापरून याची उकल केली. रीफमध्ये शेजारचे पेड एकमेकांच्या विरुद्ध पिळू पाहतात आणि अडकतात. ग्रॅनीमध्ये ते एकाच दिशेनं घरंगळतात. गंडेदोरे विकणाऱ्याला मंत्र मारलेल्या गाठीचं बळ विचारलंत, तर ती रीफ आहे की ग्रॅनी हेही एकदा विचारून बघा.

एक ताकीद मात्र सभेत पहिल्यांदा द्यायची. दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. जे चक्रवाढ व्याज त्या मुलीच्या बाजूनं होतं, तेच मनगटाला वेढा बसला की तुमच्या विरुद्ध जातं. मूठ उघडली तरी दोर सुटत नाही. शिवाय वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही, नाहीतर दोर असा आवळून बसतो की सोडवता सोडवत नाही.

तिसऱ्या शनिवारी मी नुसता बघायला गेलो होतो. सभा सुरू व्हायच्या आधीच ती सहावीतली गाईड आणि तिचा संघ बारपाशी जमला होता. त्यांनी बारच्या वर पेन्सिलीएवढी लोखंडी सळई आडवी बांधली होती आणि कुठून तरी अंगठ्याएवढा जाड काथ्याचा दोर आणला होता.

‘सर, तुम्ही म्हणालात जाडीनं फरक पडत नाही.’

‘नाही पडत.’

‘मग आकडा लिहा.’

मी सूत्राच्या भरवशावर, तेच घर्षण धरून, दीड वेढ्याला १४ लिहिले. त्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली. ताठ दोर त्या बारीक सळईभोवती नीट वळेचना. तो फुगून बाहेर राहिला, सळईला कसाबसा टेकला. दोर हवा तसा वाकतो, हे ऑयलरच्या सूत्रात गृहीत धरलेलं असतं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा बादली जमिनीवर होती, माझे बूट भिजले होते आणि त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे शून्य गुण मांडून झाले होते.