सक्शन पूल क्लीनर : स्किमरला जोडणी

पोहण्याच्या तलावाचा तळ पंपाच्या ओढीवर साफ करणारे स्वयंचलित उपकरण. त्याला स्वतःची मोटर नसते. फिल्टरचा पंप स्किमरमधून (पृष्ठभागावरचे पाणी ओढणारे, तलावाच्या भिंतीतले तोंड) पाणी खेचतो, तीच ओढ होजवाटे (लवचीक नळीतून) तळापर्यंत नेली की क्लीनर सरकू लागतो आणि गाळ-पाने शोषतो. दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए यांनी १९७४ मध्ये केलेला ‘क्रीपी क्रॉली’ हा या प्रकारातला प्रसिद्ध क्लीनर. महाराष्ट्र-गोव्यातल्या अनेक हॉटेलांचे आणि सोसायट्यांचे तलाव ओव्हरफ्लो पद्धतीचे (पाणी काठावरून वाहून जाणारे) असतात. तिथे स्किमर नसल्याने होज भिंतीतल्या व्हॅक्यूम पॉइंटला (होज जोडण्याच्या सक्शनच्या तोंडाला) लागतो. पुढची जोडणी फार्महाउस, व्हिला अशा ठिकाणच्या स्किमरवाल्या तलावांची आहे.

सुरुवात पंप बंद करून. टायमर असेल तर तोही बंद करावा, नाहीतर हात स्किमरमध्ये असतानाच पंप सुरू होतो. पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवे. त्याखाली गेले तर पंप हवा ओढतो. स्किमरची आणि पंपाची जाळी रिकामी करावी. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८-१० पीएसआय वर असेल तर आधी बॅकवॉश मारावा (पाणी उलटे सोडून फिल्टर धुवावा), कारण तुंबलेल्या फिल्टरवर क्लीनर जागचा हलत नाही.

होजचे तुकडे साधारण १ मीटरचे. स्किमरपासून तलावाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंत अंतर मोजून त्यात एक तुकडा वाढवावा. होज जास्त लांब झाला तर गुंडाळतो आणि क्लीनर एकाच बाजूला घोटाळत राहतो. आखूड पडला तर खोल टोक तसेच राहते. तुकड्यांची तोंडे ओली करून किंचित पिळत बसवावीत.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या होजमधली हवा काढताना. क्लीनर आधी पाण्यात सोडून तळाला बसू द्यावा, मग होज उभा धरून हळूहळू खाली ढकलत जावा. आतले पाणी वर चढते आणि मोकळ्या तोंडातून हवा भसाभस बाहेर पडते. पाणी तोंडाशी आले की ते टोक पाण्याखालून, वर न उचलता, स्किमरपर्यंत न्यावे. दोघे जण असतील तर पंप चालू करून रिटर्नच्या (गाळलेले पाणी तलावात परत सोडणाऱ्या तोंडाच्या) धारेसमोर तोंड धरले तरी होज लवकर भरतो; बुडबुडे थांबले की पंप बंद करायचा आणि मगच जोडायचे. अर्धा भरलेला होज लावला तर ती हवा थेट पंपात जाते, पंपाचे प्रायमिंग सुटते (आतले पाणी तुटून ओढ थांबते) आणि तो कोरडा फिरत राहिला तर मेकॅनिकल सील (दांड्यापाशी पाणी अडवणारा भाग) जळते.

होज स्किमरच्या तळातल्या भोकात थेट खुपसू नये. जाळी जागेवर ठेवून तिच्यावर व्हॅक्यूम प्लेट (होज जोडायचे भोक असलेली चकती) बसवावी आणि होज प्लेटला लावावा, म्हणजे पाने जाळीतच अडकतात, पाइपात जात नाहीत. स्किमरची झुलती झडप होजला अडत असेल तर काढून ठेवावी. आता पंप चालू करून मेन ड्रेनचा (तलावाच्या तळातल्या सक्शनच्या तोंडाचा) व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत क्लीनरला वेग द्यावा. तो पूर्ण बंद करू नये: क्लीनर पानांनी तुंबला तर पंपाला पाणी येण्याची दुसरी वाट राहायला हवी. ओढ फार वाढली तर क्लीनर तळाला चिकटून बसतो. अशा वेळी ओढ कमी-जास्त करणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह सैल करावा.

क्लीनर चालू असताना पाण्यात कोणीही नसावे, मुले तर नाहीतच. उघड्या सक्शनवर केस किंवा शरीर अडकले तर माणसाला स्वतःच्या ताकदीने सुटता येत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही ७ वर्षांची मुलगी २००२ मध्ये हॉट टबच्या ड्रेनला अडकून बुडाली. तिच्या नावाचा तलाव-सुरक्षेचा कायदा तिथे २००७ मध्ये झाला. म्हणून होज काढल्यावर व्हॅक्यूम पॉइंटचे स्प्रिंगचे झाकण मिटले का आणि स्किमरचे झाकण घट्ट बसले का, हे हाताने तपासावे. पंपाचा स्विच कुठे आहे हे तलावाजवळच्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

रिटर्नमधून सतत बुडबुडे आले तर होजचा एखादा जोड हवा ओढतो आहे किंवा प्लेट नीट बसलेली नाही. क्लीनर गोल गोल फिरला तर बहुधा होजला वळण पडलेले असते. रिटर्नचे तोंड त्याला ढकलत असेल तर ते खाली वळवावे. तुरटी मारून बसवलेला बारीक गाळ मात्र या क्लीनरने काढू नये. तो ढवळला जातो आणि सँड फिल्टरमधून परत तलावात येतो. त्यासाठी मल्टीपोर्ट (फिल्टरवरचा पाण्याची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी फिल्टर टाळून बाहेर जाईल असा, ठेवून हाताने व्हॅक्यूम मारावा. शॉक क्लोरीनआधी (एकदम मोठ्या मात्रेत क्लोरीन टाकण्याआधी) क्लीनर बाहेर काढावा आणि होज कधीही गुंडाळून न ठेवता सावलीत, सरळ आडवा ठेवावा.